भाकरीवरचा आरोप

जालन्याहून मंठ्याकडे निघालेल्या माणसाला वाटूर फाटा चुकवता येत नाही. येथून परतूरचा रस्ता फुटतो, आणि भोवतालची काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची म्हणून ओळखली गेली. ज्या गावाने आज आम्हांला बोलावले आहे, त्याच्या ताटातील भाकरीवर एके काळी एक गंभीर आरोप झाला होता. आणि तोही लंडनच्या ‘लॅन्सेट’ या मान्यवर वैद्यकीय नियतकालिकातून, १९६० साली. ज्यांचे मुख्य अन्न ज्वारी, त्यांना पेलाग्रा हा रोग होतो आणि त्याचे कारण ज्वारीतच दडले आहे, असा तो आरोप. त्या खटल्याची हकीकत येथे सांगायची आहे.

पेलाग्रा प्रथम कातडीवर दिसतो. हात, पाय, मान, जेथे ऊन लागते तेथे काळपट, खरखरीत चट्टे उठतात. मग पोट बिघडते, आणि शेवटी रोग मेंदूवर व मज्जातंतूंवर जातो. झोप उडते, माणूस चिडखोर होतो, विसरू लागतो, प्रसंगी भ्रमिष्ट होतो. स्पेनमधील कासाल नावाच्या वैद्याने १७३५ साली हा रोग ओळखला होता. मका युरोपात गेला आणि गरिबांचे एकमेव अन्न बनला, तेथे तेथे पेलाग्रा त्याच्या मागोमाग गेला. तो संसर्गाचा नसून आहाराचा रोग आहे हे अमेरिकेत गोल्डबर्गरने दाखवले. १९३७ मध्ये एल्व्हेजेमने निकोटिनिक आम्ल हा त्यावरील उपाय शोधला. मक्यात हे आम्ल असते, परंतु अशा रीतीने जखडलेले, की शरीराला ते मिळत नाही. मेक्सिकोतील बायका मात्र मका चुन्याच्या पाण्यात उकळीत आल्या होत्या. त्याने ते आम्ल मोकळे होते, हे रसायनशास्त्र त्यांना कोणी शिकवले नव्हते!

आता हैदराबादकडे वळू. १९१८ साली कुन्नूरला एका खोलीत सुरू झालेली पोषणविषयक प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली. (आमच्या कमलाबाई सोहोनी यांनी कुन्नूरला असताना या संस्थेत काम केले होते, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) मराठवाडा नुकताच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्यातून बाहेर पडला होता. जालना जिल्हा तर १९८१ पर्यंत अस्तित्वातच नव्हता. परतूर तालुका परभणीत होता. पण राज्याच्या सीमा बदलल्या म्हणून ताट बदलत नाही. हैदराबादच्या इस्पितळांत पेलाग्राचे जे रोगी येत, ते बहुतेक ज्वारी खाणारे गरीब लोक होते.

डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकंटिया यांना कोडे पडले ते येथे. ज्वारीतील निकोटिनिक आम्ल तांदळापेक्षा कमी नाही, आणि मक्यासारखे जखडलेलेही नाही, असे त्यांचे मत होते. मग भात खाणाऱ्याला जो रोग होत नाही, तो भाकरी खाणाऱ्याला का व्हावा? त्यांचे बोट ल्यूसिनवर गेले. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांपैकी हा एक. ज्वारीत तो भरपूर असतो. ल्यूसिनच्या अतिरेकामुळे शरीराला निकोटिनिक आम्ल घडवण्यात आणि वापरण्यात अडथळा येतो, असा त्यांचा तर्क होता. कुत्र्यांना ज्वारी खाऊ घातली, तेव्हा त्यांची जीभ काळी पडली; कुत्र्यांचा पेलाग्रा तो हाच. ल्यूसिन कमी असलेल्या वाणांवर ठेवलेल्या कुत्र्यांना तो झाला नाही. रोग्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेखही काढले गेले, कारण या रोगात मज्जापेशींची उपासमार होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. इतक्या चिकाटीने आमच्या भाकरीकडे त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

तथापि खटला एकतर्फी राहिला नाही. पुढे परदेशांतील संशोधकांनी, विशेषतः कार्पेंटर यांच्या सहकाऱ्यांनी, उंदीर, कोंबडीची पिल्ले आणि कुत्रे यांच्यावर तेच प्रयोग करून पाहिले. ल्यूसिनचा तसा परिणाम त्यांना आढळला नाही. वाद पुरता मिटला असे आजही म्हणता येत नाही. आमचा कौल विचाराल तर असा : भाकरी दोषी नव्हती, भाकरीखेरीज दुसरे काही नसलेले ताट दोषी होते. निकोटिनिक आम्ल शरीर स्वतःही घडवते, पण त्याला ट्रिप्टोफॅन लागते, आणि ते दुधात, मांसात, डाळीत मिळते. कोरड्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या मजुराला ते कोठून मिळणार?

डोळ्यांची गोष्ट याच ताटातली आहे. मंद उजेडात पाहण्यासाठी डोळ्याच्या पडद्यात जे द्रव्य लागते, ते अ जीवनसत्त्वावाचून बनत नाही. जॉर्ज वॉल्ड यांना या कामासाठी १९६७ चे नोबेल मिळाले. भाजी नाही, दूध नाही, अशा घरातले मूल दिवेलागणीला चाचपडू लागे. लोक त्याला रातांधळे म्हणत. हैदराबादच्या याच संस्थेच्या कामावरून १९७० पासून लहान मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याची देशव्यापी योजना सुरू झाली.

भाकरीची बाजू मांडायची तर पिष्टाविषयीही बोलले पाहिजे. ज्वारीच्या दाण्यात पिष्टाचे सूक्ष्म कण प्रथिनाच्या जाळीत बसवलेले असतात. त्या पिष्टाचा सुमारे चौथा हिस्सा सरळ साखळ्यांचा, बाकीचा फांद्या फुटलेल्या साखळ्यांचा. गव्हातले चिवट प्रथिन ज्वारीत नाही, म्हणून पीठ नुसत्या थंड पाण्यात धरत नाही. बाई उकळते पाणी घालते, तेव्हा पिष्टाचे कण फुगतात, फुटतात आणि तेच चिकटपणा देतात. पीठ जुने झाले, विरी गेली, की थापताना भाकरी चिरते. प्रयोगशाळेत ज्याला तापमानाची पट्टी लागते, ते येथे हाताच्या बोटांना कळते. पिष्ट प्रथिनात गुरफटलेले असल्यामुळे ते सावकाश पचते. मधुमेहाच्या दिवसांत डॉक्टर आता याच गुणासाठी भाकरी खा म्हणतात.

१९६४ साली सीएसएच-१ हे संकरित वाण आले. त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली. १९७२ च्या दुष्काळात परदेशची लाल मिलो शिधावाटप दुकानांतून आली. ज्यांनी ती खाल्ली ते तिची चव अजून विसरलेले नाहीत. मग गहू-तांदूळ स्वस्त धान्याच्या दुकानात येऊ लागले, आणि शेतात कापूस व सोयाबीन. पेलाग्रा दख्खनमधून जवळजवळ गेला. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला त्याचा रोगी आता सहसा पाहायला मिळत नाही, आणि मिळाला तर तो बहुधा दारूच्या आहारी गेलेला असतो. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. त्यात ज्वारीचे कौतुक झाले, पण लॅन्सेटमधील त्या जुन्या निबंधाची आठवण कोणी काढल्याचे आमच्या पाहण्यात आले नाही.