सोलापूरची रेल्वे आणि हमीचा करार

एकोणिसाव्या शतकातील मराठी कागदपत्रांत ‘कंपनी सरकार’ असा शब्दप्रयोग वारंवार येतो. व्यापार करणारी संस्था आणि राज्य करणारी संस्था या दोन भिन्न कल्पना त्यात एकत्र आल्या आहेत. १८५८ साली ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य संपले. परंतु या शब्दातून सूचित होणारा व्यवहार संपला नाही. सोलापूरच्या रेल्वेचा इतिहास हे त्याचे एक बोलके उदाहरण होय.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही लंडनमध्ये स्थापन झालेली कंपनी. तिचे संचालक मंडळ लंडनमध्ये, भागधारक बहुतांशी इंग्लंडातील, लोहमार्ग मात्र हिंदुस्थानात. १७ ऑगस्ट १८४९ रोजी तिने ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. त्यान्वये तिला जमीन विनामूल्य मिळाली आणि भांडवलावर दरसाल पाच टक्के व्याजाची हमी मिळाली. उत्पन्न अपुरे पडल्यास तूट हिंदुस्थानच्या तिजोरीने भरून द्यावयाची होती.

ही तिजोरी मुख्यतः शेतसारा देणाऱ्या रयतेच्या पैशावर चाले, आणि करारास संमती देण्याचा वा ती नाकारण्याचा अधिकार रयतेस नव्हता. खर्चावर देखरेख ठेवण्यासाठी सरकारी सल्लागार अभियंते नेमलेले असत. तथापि एकदा मंजूर झालेल्या खर्चावर व्याज निश्चित असल्यामुळे काटकसरीची निकड कंपनीस राहिली नाही. हिंदुस्थानातील रेल्वेचा खर्च आरंभी मैलास सुमारे ८,००० पौंड अपेक्षिला होता. १८६८ च्या सुमारास तो सरासरी १८,००० पौंडांच्या घरात गेला. घाटांतील बिकट कामे व इंग्लंडहून येणारी सामग्री हीही त्याची कारणे होती. परंतु हमीचा वाटा दुर्लक्षिता येत नाही.

मजुरांच्या बाबतीत हीच व्यवस्था अधिक उघडी पडते. कंपनीने कंत्राटदार नेमावा, त्याने पोटकंत्राटदार नेमावेत आणि मजुरी यांपैकी कोठेतरी अडकून पडावी, असा प्रकार घडे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून बोरघाटात दंगा झाला. १८६० च्या कायद्याने असे तंटे झटपट निकालात काढण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटांस दिला. परंतु त्याच कायद्याने मजुराने केलेला करारभंग शिक्षेस पात्र ठरविला.

१८६० मध्ये गाडी सोलापुरास पोहोचली आणि १८६३ मध्ये बोरघाट पूर्ण होताच मुंबईशी अखंड दळणवळण सुरू झाले. कापसाच्या व्यापारास त्यामुळे गती आली. १८७७ मध्ये ‘जुनी गिरण’ सुरू झाली. हा लाभ निर्विवाद आहे. परंतु त्याच सुमारास, १८७६–७८ च्या दुष्काळात, गाडीने धान्य आणता येत असूनही ज्याचे पीक बुडाले त्याच्यापाशी ते विकत घेण्यास पैसा नव्हता. १८८० नंतरच्या दशकात सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेविस्ताराचा लाभ कोणास व भार कोणावर, हा हिशेब मांडला. सरकारने १९०० मध्ये ही रेल्वे विकत घेतली, तरी व्यवस्थापन १९२५ पर्यंत कंपनीकडेच राहिले.

परकीय सत्ता गेल्यानंतरही हा प्रश्न मिटला नाही. १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने एन्रॉनप्रणीत दाभोळ वीज कंपनीशी करार केला. वीज घेतली वा न घेतली तरी ठराविक आकार देणे मंडळावर बंधनकारक होते, आणि दर डॉलरशी निगडित होते. राज्याने हमी दिली व केंद्राने प्रतिहमी. वीजदरांवर स्वतंत्र नियंत्रण ठेवणारा राज्याचा आयोग मात्र १९९९ मध्ये, म्हणजे करारानंतर सहा वर्षांनी, स्थापन झाला. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबविले आणि त्याच वर्षअखेर एन्रॉन दिवाळखोरीत गेली.

दोन्ही काळांतील राज्यव्यवस्था भिन्न होत्या. १८४९ मध्ये रयतेस प्रतिनिधी नव्हते. १९९३ मध्ये विधिमंडळ, न्यायालये व वृत्तपत्रे होती, आणि म्हणूनच तो करार आव्हानित झाला, १९९५ मध्ये रद्द झाला व नंतर नव्या अटींवर पुन्हा झाला. असे असूनही जोखीम अखेर सार्वजनिक तिजोरीवरच आली. यावरून इतके अनुमान निघते, की परकीय कंपनीचे वर्तन तिच्या हेतूपेक्षा कराराच्या कलमांवरून अधिक नीट उमगते, आणि ती कलमे तपासणारी संस्था सही होण्यापूर्वीच अस्तित्वात असावी लागते.