नॅपकिन पाणी का टिपत नाही?

कोऱ्या खादीचा चौकोन कापला, कडा दोनदा दुमडून हेम घातली, की घरचा नॅपकिन तयार. पण त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. बहुधा तो मोत्यासारखा तसाच बसून राहतो. असे का?

हाताने वस्तू करताना असे प्रश्न पडावेत आणि त्यांतून शिक्षण व्हावे, हा विचार वर्ध्यातच पुढे आला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने सूतकताई-विणकामाला अभ्यासक्रमात स्थान दिले. उत्पादनाच्या नादात शिक्षणाचा हेतू हरवण्याचा धोका आहे, असा इशाराही तिच्या अहवालात होता. पुढे अनेक शाळांत तेच घडले. टकळी फिरत राहिली, ‘का?’ विचारणे मागे पडले.

आपण ते विचारू. कापसाचा तंतू सेल्युलोजचा. त्याला पाण्याची ओढ असते. मात्र तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, शिवाय विणण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ लावतात. कापड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून स्वच्छ धुतले, की मेण आणि खळ बरीचशी निघून जाते व थेंब झटकन पसरतो. कापड थोडे आटतेही. म्हणून धुणे आधी, कापणे-शिवणे नंतर.

कोरा आणि धुतलेला असे दोन तुकडे वर्गात शेजारी ठेवा. कारण मुलांनाच शोधू द्या. सुई-दोरा त्यानंतर द्या.