एक कार्ड, अनेक पत्ते

वाशीम जिल्हा दोनदा झाला. इंग्रजी अमदानीत बाशीम, म्हणजेच आजचं वाशीम, हे जिल्ह्याचं ठिकाण होतं. १९०५ साली ते अकोल्यात विलीन झालं. पुन्हा जिल्हा मिळाला तो १ जुलै १९९८ रोजी. तोवर विदेश संचार निगमचं इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं होऊन जवळपास तीन वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला कचेरी हवी, गाड्यांना एमएच-३७ हवा आणि आता वेबसाइटही हवी, असा तो काळ.

त्या दिवसांत वेबसाइट काढायची म्हणजे बहुधा एक आयपी पत्ता अडवायचा. एचटीटीपीच्या जुन्या आवृत्तीत ब्राउझर पान मागे, पण ते कोणत्या साइटचं हे सांगणं त्याला बंधनकारक नव्हतं. दहा साइट असल्या तर दहा पत्ते लागत. दहा संगणक मात्र कोण घेणार?

लिनक्सच्या १९९६च्या २.० कर्नलमध्ये त्यावर तोड होती: एकाच नेटवर्क कार्डाला अनेक पत्ते. तालुक्याच्या एखाद्या गाळ्यावर झेरॉक्स, टायपिंग, रिचार्ज अशा पाट्या असतात, आत काउंटर एकच, तसं. ‘ईटीएच०’ या कार्डाला ‘ईटीएच०:०’, ‘ईटीएच०:१’ अशी उपनावं द्यायची. नेटवर्कवर कुणी विचारलं, ‘१९२.१६८.१.११ कोणाकडे?’, की जे कार्ड शेवटी १० असलेल्या पत्त्यासाठी उत्तर देतं तेच ११ साठीही देतं, आणि तेही त्याच हार्डवेअर पत्त्यानिशी.

उपनावांची ही कसरत खरं तर जुगाडच होती. जानेवारी १९९९च्या २.२ कर्नलबरोबर रशियन प्रोग्रामर अलेक्सी कुझ्नेत्सोव यांची ‘आयपी’ आज्ञा रुळू लागली. आता दुसरा पत्ता कार्डाला थेट जोडता येतो, उपनाव लागत नाही. एक खोच मात्र आहे: त्याच सबनेटमधला पहिला पत्ता काढला, की एरवी मागचे दुय्यम पत्तेही त्याच्याबरोबर जातात. ‘प्रमोट सेकंडरीज’ हे सेटिंग चालू असेल तरच पुढचा पत्ता त्याची जागा घेतो.

वेबसाठीची निकड पुढे ओसरली. १९९७च्या एचटीटीपी १.१ने साइटचं नाव सांगणं सक्तीचं केलं, २००३च्या एसएनआयने सुरक्षित साइटचीही सोय केली. २०११मध्ये तर आयपीव्ही४चा जागतिक साठाच संपला. तरीही एक सर्व्हर बंद पडला की दुसऱ्याने त्याचा पत्ता उचलायचा, या कामी ही युक्ती आजही रोज वापरात आहे.

जुना सर्व्हर तपासताना ‘आयएफकॉन्फिग’ या जुन्या आज्ञेवर विसंबू नका, उपनावाशिवाय जोडलेला दुसरा पत्ता ती दाखवत नाही. ‘आयपी ॲडर’ चालवून पाहा.