थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाताना : काय विचारावे, काय अपेक्षा ठेवावी

वस्तीत, वसतिगृहात, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत काम करताना आम्हाला हल्ली एक प्रश्न वारंवार विचारला जातो : “थेरपिस्टकडे जायचंय, पण तिथे नेमकं होतं काय?” सरकारी रुग्णालयांत मानसोपचार मिळतात. पण तिथल्या गर्दीत दर आठवड्याला तासभर निवांत बोलायला मिळणे अवघड असते. म्हणून अनेक जण खासगी थेरपिस्ट शोधतात. त्यांच्यासाठी ही माहिती.

कोणाकडे जायचे?

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. गरज असल्यास ते औषधे लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाहीत. तपासण्या आणि संवादातून उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे ‘आरसीआय’कडे असते. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्यांचे शिक्षण मात्र एकसारखे नसते. कोणी एमए केलेले असते, तर कोणी काही आठवड्यांचा कोर्स. त्यामुळे शिक्षण, अनुभव आणि नोंदणी क्रमांक सरळ विचारावा. असे विचारणे उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

पहिल्या भेटीत काय होते?

सत्र साधारण 45 ते 60 मिनिटांचे असते. सुरुवातीला एक फॉर्म भरून संमती घेतली जाते. मग झोप, भूक, घर, शिक्षण, नोकरी, पूर्वीचे आजार, आत्महत्येचे विचार अशा गोष्टी विचारल्या जातात. सगळे एकाच दिवशी सांगायची सक्ती नसते. “यावर आज बोलायचं नाही” असे म्हणता येते. थेरपिस्ट लगेच सल्ला देत नाहीत. पहिली दोन-तीन सत्रे ओळख करून घेण्यात आणि उद्दिष्ट ठरवण्यात जातात. जुन्या गोष्टी उकरल्या गेल्याने काही दिवस जास्त जड वाटू शकते. तेही पुढच्या वेळी सांगावे.

फी

फीचा एकच ठरलेला दर नाही. फोनवरच चार गोष्टी विचाराव्यात : एका सत्राचे किती, ऑनलाइनचे किती, ऐनवेळी रद्द केल्यास पैसे द्यावे लागतात का, विद्यार्थ्यांना सवलत आहे का. ऐपतीनुसार फी घेणारे थेरपिस्टही असतात. महिन्याला किती सत्रे झेपतील हे आधीच स्पष्ट सांगितले, तर त्याप्रमाणे आखणी करता येते.

बोललेले बाहेर जाते का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार गोपनीयता हा हक्क आहे. थेरपिस्टने आपल्या घरी, कॉलेजात किंवा संघटनेत काही सांगायचे नसते. जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश असणे, असे मोजके अपवाद आहेत. अठरा वर्षांखालील मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ‘पोक्सो’ कायद्याने ती पोलिसांना कळवावीच लागते. हे नियम पहिल्याच भेटीत समजून घ्यावेत.

जातीबद्दल बोलता येईल का?

आपल्या तरुणांचा खरा अडसर इथे असतो. आडनाव विचारून केलेली चौकशी, ‘कोट्यातला’ हा टोमणा, भाड्याने नाकारलेली खोली यांचा मनावर परिणाम होतो. समोरची व्यक्ती “तुम्ही जास्त विचार करता” किंवा “आता कुठे जात राहिली?” असे म्हणाली, तर जखम आणखी चिघळते. म्हणून आधीच विचारावे : “जातीय भेदभावाचा अनुभव असलेल्यांसोबत तुम्ही काम केले आहे का?” उत्तर टाळले गेले, तर दुसरा थेरपिस्ट शोधावा. मराठीतून बोलता येईल का, हेही विचारावे. मनातले दुःख आपल्या बोलीत जसे निघते तसे इंग्रजीत निघत नाही.

ध्यान करतो, मग थेरपी कशाला?

ध्यानाचा अनेकांना आधार वाटतो, पण ते उपचाराला पर्याय नाही. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांना दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात न बसण्याचा सल्ला त्या शिबिरांच्या नियमावलीतच दिलेला आहे. सुरू असलेली औषधे ध्यानाच्या भरवशावर बंद करू नयेत.

थांबायचे कधी?

चार-सहा सत्रांनंतर काही उपयोग वाटतो का, याचा थेरपिस्टसोबत आढावा घ्यावा. पटत नसेल तर थेरपिस्ट बदलता येतो. अनावश्यक स्पर्श, वैयक्तिक जवळीक, उसने पैसे मागणे किंवा धर्म-पक्षाचा प्रचार झाल्यास तिथे पुन्हा जाऊ नये आणि विश्वासातल्या माणसाला सांगावे.

खासगी थेरपिस्ट रात्री-अपरात्री उपलब्ध असतीलच असे नाही. जीव द्यावासा वाटत असेल तर पुढच्या सत्राची वाट पाहू नये. ‘टेलि-मानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. सोबतच्या कार्यकर्त्याला अशा वेळी एकटे सोडू नये; लगेच जवळच्या रुग्णालयात न्यावे.

चळवळीत आपण इतरांसाठी रात्रंदिवस धावतो. स्वतःसाठी आठवड्यातला एक तास काढणे हा कमकुवतपणा नाही.