आलेबेले: गोव्याच्या घरगुती स्वयंपाकातील एक संकर

गोव्यातील ख्रिस्ती घरांत दुपारच्या चहाबरोबर केले जाणारे 'आलेबेले' म्हणजे मैदा, अंडी, दूध आणि चिमूटभर मीठ यांच्या सरसरीत पिठाची तव्यावर पातळ पसरलेली पोळी, जिच्यात ओले खोबरे आणि गूळ यांचे सारण भरून ती गुंडाळली जाते. हा पदार्थ बहुधा पोर्तुगीज वारसा म्हणून ओळखला जातो. ही ओळख आवरणापुरती मान्य करता येते. सारणाकडे पाहिले की ती अपुरी ठरते.

खोबरे आणि गूळ एकत्र आटवलेल्या या मिश्रणाला गोव्यात आणि दक्षिण कोकणात 'चून' म्हणतात, आणि तेच चून मोदकांत तसेच हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्यांत भरले जाते. पातोळ्या हिंदू घरांत श्रावण-भाद्रपदातील सणांना होतात, तर ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला. धर्मांतरानंतरही चून स्वयंपाकघरातून गेले नाही, याचा याहून ठळक पुरावा शोधण्याची गरज नाही. चुनासाठी पारंपरिक पसंती माडाच्या गुळाला असते. रेंदेर, म्हणजे माडावर चढून सूर काढणारा व्यावसायिक, माडाची पोय बांधून, छेदून तिच्यातून झिरपणारा हा रस गोळा करतो आणि तो ताजा असतानाच आटवला की काळसर, किंचित खारट चवीचा गूळ तयार होतो. सुरेपासून होणाऱ्या या गुळाचा उल्लेख गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात केला आहे, म्हणजे पोर्तुगीज सत्ता येऊन जेमतेम अर्धशतक झाले असताना हा उद्योग परक्या निरीक्षकाच्या नजरेत भरण्याइतका रुळलेला होता.

आवरणाचा प्रवास वेगळा आहे. गोवा हा भातशेतीचा प्रदेश; गहू तेथे बाहेरून येई, आणि पाव भाजणारे पोदेर पोर्तुगीज काळात उदयाला आले. त्याच काळात इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, १७३६ सालच्या फर्मानाने, ज्याचा परिचय संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात करून दिला, नवख्रिस्त्यांना हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवण्यासही मनाई केली होती. मिठापर्यंत पोहोचलेल्या या सत्तेला खोबरे-गुळाची जोडी मात्र मोडता आली नाही. उलट अंडे हीच हिंदू आणि ख्रिस्ती स्वयंपाकघरांमधील खरी सीमारेषा ठरली: पलीकडच्या घरात तांदळाच्या पिठाचे घावन होई आणि त्याबरोबर गोड नारळाचा रस, अलीकडे अंड्याच्या पिठाची पोळी आणि तिच्यात चून.

याच जोडणीची भावंडे हिंदी महासागराच्या काठाने भेटतात. श्रीलंकेत कितुल ताडाच्या पाकात शिजवलेले खोबरे अशाच पोळीत गुंडाळले जाते. मलेशिया आणि इंडोनेशियात केवड्याच्या कुळातील पांदान पानाच्या रसाने हिरव्या केलेल्या पोळीत माडाच्या गुळाचे सारण असते. मलाक्का १५११ साली पोर्तुगीजांनी जिंकले, त्यामुळे सारे श्रेय त्यांच्या जहाजांना देण्याचा मोह होतो. परंतु मलाक्का १६४१ मध्ये आणि श्रीलंकेचा किनारा १६५८ पर्यंत डचांकडे गेला, आणि अंड्याच्या पातळ पोळ्या डचांच्याही घरच्याच होत्या. जेथे माड, गूळ आणि युरोपीय गृहिणी किंवा स्वयंपाकी एकत्र आले तेथे ही कल्पना स्वतंत्रपणेही सुचू शकते, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

आलेबेले बाजारात फारसे गेले नाही, याचे कारण त्याच्या घडणीतच आहे. बिबिंक आणि दोदोल हे गोव्याचे इतर गोड पदार्थ तूप, साखर किंवा गूळ यांच्या जोरावर टिकतात, म्हणून ते पेटीत भरून मुंबईच्या धोबीतलावातील कुडांपर्यंत, म्हणजे गावोगावच्या गोवेकरांनी चालवलेल्या निवासगृहांपर्यंत, पाठवता आले. ओले खोबरे मात्र गोव्याच्या दमट हवेत लवकर आंबते आणि पोळी थंड झाली की चिवट होते. सारणात ओल राहिली तर पोळी फाटते, म्हणून गूळ आधी वितळवून, खोबरे त्यात कोरडे होईपर्यंत परतून, वेलची घालून निववले जाते. पोळी बहुधा एकाच बाजूने भाजतात आणि भाजलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळतात. हे सारे घरात, खाणारी माणसे जवळ असतानाच जमते.

सणाशी आलेबेलेचा संबंध इंत्रुजाचा, म्हणजे उपवासकाळापूर्वीच्या कार्निव्हालच्या दिवसांचा. चाळीस दिवसांच्या जुन्या उपवासात अंडी आणि दूध वर्ज्य असे, त्यामुळे ती आधीच संपवण्याची युरोपीय रीत अनेक गोवेकर कुटुंबांत या पोळ्यांच्या रूपाने उतरली. १९१७ सालच्या चर्चच्या कायदासंहितेने ते निर्बंध उठवले तरी पोळ्या चालू राहिल्या. अलीकडे माडावर चढणारे रेंदेर कमी झाल्याने अनेक घरांत उसाचा गूळ वापरला जातो, ज्यामुळे चून अधिक गोड आणि फिकट होते.