संकेतस्थळ: तयार घ्यावं की घडवावं?

बोर्ली पंचतनला इतिहासावर बोलायचं म्हटलं की शेजारच्या दिवेआगरचा ताम्रपट डोळ्यांपुढे येतो. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी तो एक. तांब्यावर कोरलेलं आहे, त्यामुळे लिपी आणि भाषा जाणणारा माणूस समोर बसला की काम भागतं. पासवर्ड लागत नाही.

तुमचा प्रश्न मात्र पासवर्डाच्या जगातला आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात माड-पोफळी गेल्या, छपरं उडाली आणि ट्रंकेतले कागद, फोटो भिजले. उरलं ते संकेतस्थळावर ठेवायचं ठरलं आहे. आता वाद असा, की वर्डप्रेससारखी तयार प्रणाली घ्यायची, की कुणाकडून आपल्यापुरतं नवं घडवून घ्यायचं? आपलं गाव वेगळं, तर संकेतस्थळही वेगळं हवं, असं इथल्या तरुणांचं म्हणणं.

मी या वेगळेपणात एकदा पोळलो आहे. एका विभागासाठी आम्ही हौसेनं सगळं नव्यानं लिहून घेतलं. देखणं होतं. लिहिणारा मुलगा नोकरीनिमित्त परदेशी गेला, सर्व्हर बदलला आणि पान उघडेना. आत काय कुठे ठेवलंय, हे त्या एकट्यालाच ठाऊक. आठ वर्षांची टिपणं गेली. दोष त्याचा नव्हे, आम्ही त्याला लिहून ठेवायला सांगितलंच नव्हतं.

मराठीत हा प्रश्न जुना आहे. १९९६ साली मायबोली सुरू झालं, तेव्हा द्रुपल नव्हतं, वर्डप्रेस नव्हतं. द्रुपल खुलं झालं २००१ मध्ये, वर्डप्रेस २००३ मध्ये. म्हणजे सुरुवातीच्या मंडळींना आजच्यासारखी निवड नव्हतीच. आज मायबोलीवरच्या लेखाचा पत्ता पाहा, त्यात ‘नोड’ आणि एक आकडा दिसतो. ती द्रुपलची खूण. अंगण आपलं, जोतं दुसऱ्याचं, आणि त्यानं मायबोलीचं मायबोलीपण काही कमी झालेलं नाही.

विकिपीडियाची गोष्ट उलटी आहे. २००१ च्या जानेवारीत तो एका तयार विकी-प्रणालीवर उभा राहिला. वर्षभर माणसांनी लिहिलं, अडचणी कळल्या, मग २००२ मध्ये स्वतःची प्रणाली आली. २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला, त्याला ते आयतंच मिळालं. आधी वापर, मग घडवणं, हा क्रम लक्षात घ्या. आपण बहुतेकदा उलटं करतो.

पण तयार चौकट फुकट पडत नाही, हे तुमच्या तरुणांचं बरोबर आहे. केतकरांचा ज्ञानकोश घ्या. ब्रिटानिकाचं भाषांतर करून भागलं असतं. ते न करता श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मंडळ काढलं, माणसं जमवली आणि २३ खंड उभे केले. त्यात आधी पाच प्रस्तावनाखंड, मग अकारविल्हे नोंदी, ही मांडणी त्यांची स्वतःची. हा कोश पुढे इंटरनेटवर आला तो जूमला या तयार प्रणालीवर. आता त्यातल्या पानांचे पत्ते बघा. नोंदीचं नाव नाही, २०१२ अमुक महिना, अमुक तास, अमुक सेकंद! कारण साधं आहे. ती प्रणाली मूळ रचनेप्रमाणे पत्त्यात रोमन अक्षरंच ठेवत असे. देवनागरी शीर्षकातलं सगळं गाळल्यावर काही उरेना, मग ती घड्याळ पाहून वेळ लिहून टाकी. ती सोय बदलता येत होती, पण ठाऊक असायला हवी. ज्या माणसानं मांडणीसाठी एवढा खटाटोप केला, त्याच्या नोंदीला ओळख मिळाली टंकनाच्या वेळेची.

वर्डप्रेसही धुतल्या तांदळासारखं नाही. तिथे पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, साठवताना नऊ जागा खातं. जेमतेम बावीस चिन्हांत शीर्षक तुटतं.

याहून मोठी अडचण तारखेची. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे पदार्थ किती आणि कोणते हा वैशेषिकांचा प्रश्न मला इथेही दिसतो. वर्डप्रेसच्या लेखी प्रत्येक गोष्ट म्हणजे ‘लेख’, आणि त्याची तारीख म्हणजे प्रसिद्ध केल्याची तारीख. तुमच्या आजीनं सांगितलेली गोष्ट ‘मोठ्या वादळाच्या आदल्या वर्षी’ घडलेली असते. ती कुठल्या रकान्यात भरणार?

यावर तोड आहे. २०१० पासून वर्डप्रेसमध्ये स्वतःचे नोंदप्रकार करता येतात. तेव्हा माझं मत विचाराल तर तयार प्रणालीच घ्या, पण ‘सांगणाऱ्याचं नाव’, ‘आळी किंवा पाखाडी’, ‘काळ, अंदाजानं’ असे कप्पे आपले करा. कुठल्याही दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारा, की सगळा मजकूर आणि फोटो साध्या फाइलींत बाहेर काढून दाखव. आमच्यासमोर, आत्ता. तो ‘नंतर बघू’ म्हणाला तर उठा.

आणि कप्पे कोणते, हे संगणकावर बसून ठरवू नका. आधी पन्नास फोटो घ्या, प्रत्येकामागे पेन्सिलीनं लिहा, एका वहीत उतरवा. कोणता रकाना रिकामा राहतो, कोणता अपुरा पडतो, ते महिनाभरात दिसेल. वही मला दाखवा. मी पुढच्या महिन्यात पुन्हा येतो आहेच.