दोन लाव्ह्यांमधली उसंत

जालना जिल्ह्यात विहीर खणताना काळा पाषाण फोडत खाली गेलं की मध्येच कुठे तांबड्या मातीचा पट्टा लागतो आणि मग पुन्हा काळा पाषाण. पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहत येऊन थिजलेला लाव्हा. तांबडा पट्टा म्हणजे दोन लोटांमधली उसंत, जिच्यात राखेची आणि खडकाची झीज होऊन माती झाली. दख्खनचा ज्वालामुखी म्हटलं की आगीतून पळणारे डायनोसॉर डोळ्यांपुढे येतात. मला कुतूहल आहे ते या उसंतीचं. लांब मानेच्या त्या अवाढव्य प्राण्यांनी तेव्हा दिवस कसे काढले असतील?

त्याचं उत्तर जालन्याच्या पाषाणात मिळायचं नाही. त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यात जावं लागतं. तिथे लाव्ह्याखालचा लामेटा थर उघडा पडला आहे. वरोऱ्याच्या बाजूच्या डोंगरगावात सापडलेल्या सांगाड्याचं वर्णन १९९७ साली झालं आणि २००३ मध्ये त्याला ‘इसिसॉरस’ हे नाव मिळालं, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. (संख्याशास्त्राच्या संस्थेचं नाव डायनोसॉरला! मला हे फार आवडतं.)

पण हाडांपेक्षा जास्त बोलतं ते पिसदुऱ्याचं शेण. तिथल्या दगड झालेल्या विष्ठेत वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉम्बर्ग, अशोक साहनी आदींना वनस्पतींचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये ते प्रसिद्ध झालं. ताड, सूचिपर्णी आणि चक्क गवत! डायनोसॉरच्या काळात गवत असेल, असं तोवर फारसं कुणी धरत नव्हतं. ही विष्ठा लांब मानेच्या टायटॅनोसॉरांची असावी. म्हणजे हे प्राणी उंच शेंड्याचं खात तसं जमिनीलगतचंही खात. लामेटाच्या मातीतले चुनखडीचे थर कोरड्या ऋतूंची साक्ष देतात, आणि अशा हवामानात एकाच झाडावर जगणं परवडत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा जनावरं निदान छावणीपर्यंत चालत नेता आली. झाडाला पाय नसतात.

अंड्यालाही नसतात. मला वाटतं, या प्राण्यांची खरी दुखरी जागा तीच होती. बेसॉल्टचा लाव्हा एरवी सावकाश सरकतो, त्याच्यापुढून चालत निघून जाता येतं. घरटं मात्र जागीच राहतं. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. घरटी इतकी जवळजवळ की मोठ्या प्राण्याला मध्ये पाय ठेवायला जागा नाही. आईबाप राखणीला थांबत नसावेत. पाण्याच्या काठची काही अंडी बुडाली आणि उबलीच नाहीत, असा अंदाज आहे. गुजरातच्या ढोली डुंगरीत धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात एक घरटं मिळालं. त्यातलं नुकतंच जन्मलेलं पिल्लू आणि त्याला खायला आलेला साडेतीन मीटरचा साप, दोघेही बहुधा वादळी पावसात घसरलेल्या चिखलवाळूखाली एकदमच गाडले गेले.

यावर त्यांचा तोडगा एकच दिसतो: भरपूर अंडी घालायची, आणि जागोजागी. आमच्या धंद्यात सगळा डेटा एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्याला शिव्या पडतात.

हे किती काळ पुरलं, ते कच्छमधल्या अंजारला दिसतं. तिथे लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात डायनोसॉरची हाडं आणि अंड्यांच्या कवचांचे तुकडे सापडतात. खालचा लाव्हा केव्हाच निवला होता, त्यावर पाणी साठलं होतं, गाळ बसला होता, आणि कुणीतरी तिथे पुन्हा अंडी घालायला आलं होतं.